भागीबाईनं न दिलेला वाटा

भागीआत्याला आमच्या टोळीतले काही जण आजही ‘चिकट भागी’ म्हणतात. म्हणू देत. तिच्या तोंडावर म्हणायची एकाचीही टाप नाही, आणि माझ्यासमोर कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी तापानं फणफणत होते, माझा बाप तिच्या पाया पडला होता, तिच्या कमरेच्या पिशवीत औषध होतं, आणि तरी तिनं मला एक कॅप्सूल दिली नाही. त्याबद्दल मी तिचे पाय धुवायला तयार आहे. का, ते सांगते. मधे बोलू नका.

आमचं गाव सुरगाण्याकडं, डोंगरात. भात-नागली घरात आली की आम्ही खाली दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला उतरायचो. टोळी म्हणजे पाच-सहा घरं: बायका, बाप्ये, पोरं, भांडीकुंडी, कोंबड्यासुद्धा. बागेच्या कडेला बांबूच्या झोपड्या ठोकायच्या आणि हंगाम संपेपर्यंत तिथंच राहायचं. मालकाशी बोलणं, कामं नेमून देणं, वेळ आली तर भांडणं, हे सगळं भागीआत्या करायची. तिचा नवरा मुकादम होता. तो वारल्यावर बाप्यांनी दुसरा मुकादम शोधायचं ठरवलं. ही म्हणाली, “शोधा की. पण बागेवर पुढं मीच चालणार.” आणि चालली! माझा बाप कोंडाजी तिचा चुलतभाऊ, म्हणून ती माझी आत्या.

टोळीत एक रीत होती. जे येईल ते सगळ्यांचं. कुणी ओढ्यात खेकडे धरले, मालकिणीनं सणाच्या पोळ्या दिल्या, कुणाच्या माहेरून बोरं आली, काहीही असो, ते आत्यापुढं यायचं आणि आत्या वाटे घालायची. तान्ह्या पोराचाही वाटा निघायचा, तो त्याची आई खायची. एकट्यानं आडोशाला बसून खाल्लं तर लोक महिनाभर टोमणे मारायचे. आणि हातात दिलेला वाटा टाकायचा नाही. टाकला तर तो देणाऱ्याचा अपमान. शहरातल्या बायांना हे सांगितलं की त्या म्हणतात, अय्या, किती छान! छान आहेच, आम्ही त्यावरच जगलो. पण याच रितीनं साळू मरायला टेकली होती.

साळू ही आत्याची एकुलती लेक. मी असेन सहा-सात वर्षांची, साळू लग्नाच्या वयाची. साल पंच्याण्णवच्या आसपासचं. घडांतले जास्तीचे मणी काढायचं काम चाललेलं, ज्याला विरळणी म्हणतात, आणि थंडी अशी की सकाळी कात्री हातात धरवत नव्हती. साळूला खोकला झाला, मग ताप, मग श्वास घेताना बरगडीत कळ यायला लागली. आत्या तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर मॅडमनं छाती तपासली आणि सांगितलं, न्यूमोनिया आहे. कागदाच्या पुडीत कॅप्सूल मिळाल्या, अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या. दिवसातून तीनदा घ्यायच्या, एवढं सांगून खिडकीतल्या माणसानं पुढच्याला हाक मारली.

पुडी टोळीत आली. थंडीचे दिवस, निम्म्या टोळीची नाकं वाहत होती, कुणी खोकत होतं, कुणाचं अंग दुखत होतं. कुणाला काही मागावं लागलं नाही. आत्यानं पुडी उघडली आणि नेहमीसारखे वाटे घातले. साळू आजारी म्हणून तिला चार जास्त दिल्या. आपण लेकीला झुकतं माप देतोय, याचीच तिला थोडी लाज वाटली असणार.

मलाही सर्दी होती. माझ्या वाट्याची कॅप्सूल आईनं उघडली आणि आतली भुकटी गुळात कालवून मला चाटवली. थोड्या वेळानं माझ्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, खाजवून खाजवून मी रडकुंडीला आले. पित्त उठलं म्हणून आईनं आमसूल चोळलं आणि सकाळपर्यंत ते उतरलं. त्या दिवशी शेजारच्या बागेत फवारणी झाली होती, सगळा दोष फवारणीला गेला. आदल्या हंगामातही मला असलीच कुणाची तरी कॅप्सूल मिळाली होती आणि तेव्हा काही झालं नव्हतं. मग कॅप्सूलवर संशय कोण घेणार?

बाकीच्यांची सर्दी सर्दीच्या चालीनं बरी झाली. पण नाव कॅप्सूलचं झालं. काय गुणाची गोळी, म्हणून जो तो सांगत सुटला. साळूचा ताप उतरला, ती उठून बसली, आणि तिच्या वाट्याच्या कॅप्सूल संपल्या. मग ताप पुन्हा चढला. या वेळी तिला बोलवेना, ओठ निळसर दिसायला लागले. आत्यानं तिला पाठुंगळी मारलं आणि रस्त्यावर येऊन पहिली दिसली ती जीप अडवली.

पुढचं मी साळूच्या आणि आत्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथंच उभी होते असं वाटतं. मॅडमनं विचारलं, “दिलेलं औषध घेतलं होतं का?”

“घेतलं.”

“पूर्ण?”

“संपलं सगळं. टोळीत वाटलं.”

मॅडम बघतच राहिली. “वाटलं? औषध? कुणी वाटलं?”

“मी वाटलं,” आत्या म्हणाली. “काय बोलायचं ते मला बोला, दुसऱ्या कुणाला नाय.”

मॅडम बोललीच. आधी साळूला सुई लावली, ऑक्सिजन लावला, आणि मग आत्याला समोर बसवून बोलली. म्हणाली, “बाई, हिच्या छातीत जिवाणू वाढलेत. डोळ्याला न दिसणारे जंतू. त्यांच्या अंगाभोवती एक भिंत असते. हे औषध त्यांना ती भिंत धड बांधू देत नाही, मग ते फुटून मरतात. माणसाच्या अंगात तसली भिंत नाही, म्हणून जंतू मरतात आणि माणूस वाचतो. पण त्यासाठी अंगात औषध सारखं पुरेसं असावं लागतं. ते ठरल्या वेळेला आणि मी सांगितलंय तितके दिवस पोटात गेलं पाहिजे. ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नाही. उरलेले पुन्हा वाढतात. आणि अशी अर्धवट औषधं खात राहिलं की चिवट जंतू तगतात, मग एक दिवस त्यांना हे औषध लागूच होत नाही.”

“आणि बाकीच्यांची सर्दी?”

“सर्दीचे जंतू वेगळ्या जातीचे. त्यांना ही भिंतच नसते. तुमच्या टोळीनं खाल्लेल्या कॅप्सूल फुकट गेल्या. वर कुणाच्या अंगाला काय सोसत नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. एकाचं औषध दुसऱ्याला कधीही द्यायचं नाही.”

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाय सांगितलं?”

दुसरी एखादी डॉक्टर भडकली असती. ही मॅडम म्हणाली, “सांगायला हवं होतं. बाहेर रांग होती.” एवढ्या एका वाक्यावर आत्या त्या बाईची झाली ती कायमची.

साळूला त्यांनी ठेवून घेतलं. ती बोलायला लागली, श्वास नीट चालायला लागला, तेव्हा घरी सोडलं आणि राहिलेलं औषध पोटातून घ्यायला लिहून दिलं. दवाखान्यातला साठा संपला होता, म्हणून आत्यानं चिठ्ठी दाखवून बाहेरच्या मेडिकलमधून त्याच कॅप्सूलचं चंदेरी पाकीट आणलं. टोळीत आल्या आल्या तिनं ते सगळ्यांना हात वर करून दाखवलं. “हे साळूचं. याचा वाटा नाय.”

कुणाला वाटलं ती थट्टा करतेय. एकजण हसलासुद्धा. मग आत्यानं पाकीट कमरेच्या पिशवीत खुपसलं आणि गाठ मारली. माझा बाप म्हणाला, “भागे, मग उद्या मी खेकडे धरले तर त्याचाबी वाटा नाय.”

“नको देऊ.”

“आजवर सगळ्यांचं घेतलंस. आता सोताच्या लेकीवर आलं तर हात आखडतेस व्हय?”

“हो. लेकीवर आलं म्हणूनच. सगळ्यांना वाटून मी तिला मारतच होते. आता तुम्ही मला काय बी म्हणा.”

आणि लोक म्हणालेच की! चिकट भागी हे नाव त्या संध्याकाळचं. बाया तिच्या चुलीतला विस्तव न्यायच्या बंद झाल्या. ती ओढ्यावर गेली की बाकीच्या धुणं उचलायच्या. टोळीची मुकादम, पण जेवायला एकटी. ती मान ताठ ठेवून भाकरी थापायची आणि मुद्दाम जोरात थापायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

तिच्याकडं घड्याळ नव्हतं. सकाळी दुधाची गाडी आली की एक, दुपारची वणीची एस.टी. रस्त्यानं गेली की एक, आणि निजायच्या आधी एक. मॅडमला विचारून तिनं असं बसवून घेतलं होतं. कॅप्सूलनं साळूचं पोट थोडं ढिलं झालं. साळू म्हणाली, “आये, आता नको ना. मी बरी हाय.” आत्या म्हणाली, “मॅडमनं सांगितलंय, थोडंफार व्हईल. लय झालं तर दवाखान्यात जाऊ. थुंकलीस तर माझ्याशी गाठ हाय!”

मग बागेचा मालक निवृत्तीभाऊ मोटरसायकलवरून आला. माणूस वाईट नव्हता, पण घड तयार होत होते आणि हात कमी पडत होते. साळू दारात बसून वेणी घालत होती. तो म्हणाला, “भागीबाई, पोरगी तर ठणठणीत दिसतेय. उद्यापासून आण कामावर.”

“औषध संपल्यावर आणते.”

“अगं, ताप कुठं राहिलाय तिला?”

“भाऊ, बागेवर भुरी आली. तुम्ही एक फवारा मारला, पानं साफ दिसली. मग पंप धुऊन माळ्यावर टाकता का?”

“टाकून कसं चालेल? चार दिवसांनी सगळी बाग पांढरी होईल.”

“मग तुमची बाग तुम्ही बघा. माझी मी बघते.”

निवृत्तीभाऊनं कपाळाला हात लावला. तुझ्या तोंडी लागण्यात अर्थ नाही बाई, म्हणून तो निघून गेला. साळू हसायला लागली, आणि हसताना तिला खोकला आला नाही हे आत्यानं बरोबर टिपलं.

याच दिवसांत मला ताप भरला. आधी अशी हुडहुडी की आईनं दोन गोधड्या टाकून वर स्वतः मला मिठी मारली, तरी दात वाजायचे थांबेनात. मग अंग नुसतं भाजायचं. दुसऱ्या दिवशी जरा बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी बडबडायला लागले तेव्हा बापाचा धीर सुटला. सगळ्यात जास्त टोमणे त्यानंच मारले होते. तोच सकाळी आत्याच्या झोपडीपुढं जाऊन उकिडवा बसला. सगळी टोळी कामावर निघायची थांबून बघत राहिली.

“भागे, एक दे. एकच.”

“नाय.”

“पोरगी जाईल माझी.”

“नाय देणार, कोंडा.”

माझा बाप कुणापुढं वाकणारा माणूस नव्हता. तो पुढं सरकला आणि त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पण तिनं पिशवीला हात लावला नाही. म्हणाली, “उठ. साळूच्या तोंडातलं काढून तुझ्या पोरीला देऊ, आन् दोघींना घालवू? पोरीला काय झालंय ते तुला तरी ठाव हाय का? मला नाय. मग कशावर देऊ?”

“वैरीण हायेस तू.”

“हाय. आता पोरगी उचल. दवाखान्यात नेऊ.”

निवृत्तीभाऊचा ट्रॅक्टर खत आणायला गावात निघाला होता. ड्रायव्हर म्हणाला, मालकाला विचारावं लागेल. आत्या म्हणाली, “विचारून ये. तवर मी चढते.” आणि मला छातीशी धरून ती रिकाम्या ट्रॉलीत चढलीसुद्धा. जाताना तिनं पाकीट साळूच्या हातात दिलं. “एस.टी. गेली की घे. कुणी मागितलं तर चावा घे त्याचा!” बाप मागून पळत आला आणि ट्रॉलीच्या फाळक्याला लोंबकळत चढला.

मॅडमनं माझ्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. मलेरिया निघाला. त्याचं औषधच निराळं. बापानं विचारलं, “ती लाल-पिवळी कॅप्सूल दिली असती तर?” मॅडम म्हणाली, मलेरियावर तिचा काही उपयोग नाही. मग औषध लिहिता लिहिता तिनं विचारलं, “हिला आधी कुठल्या औषधानं काही त्रास झालाय? अंगावर काही उठलं, सूज आली?”

“नाय,” बाप म्हणाला.

“थांब,” आत्या म्हणाली. “त्या दिवशी मी वाटे घातले तवा हिला पित्त उठलं व्हतं. व्हट ह्ये असे सुजले व्हते. कॅप्सूल खाऊन थोडाच वेळ झाला आसंल.”

मॅडमनं पेन थांबवलं. सगळं खोदून खोदून विचारलं. मग बापाकडं वळून म्हणाली, “हे पित्त नव्हतं. तुमच्या मुलीला ते औषध सोसत नाही. पुन्हा दिलं असतं तर कदाचित नुसत्या गांधी उठल्या असत्या. कदाचित घसा सुजून श्वास कोंडला असता. त्या झोपडीत तुम्ही काय केलं असतंत?”

बाप भिंतीला टेकून खाली बसला आणि आत्याकडं बघत राहिला. आत्यानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती मॅडमला विचारत होती, मलेरियाच्या गोळ्या कधी द्यायच्या, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस.

आता कुणी म्हणेल, भागीबाईला आतून कळलं होतं. काही कळलं नव्हतं! देव आला नव्हता तिच्या अंगात. एकदा न विचारता वाटून तिनं लेक घालवायची पाळी आणली होती, आणि पुन्हा तसं करणार नाही म्हणून ती अख्ख्या टोळीविरुद्ध पाय रोवून उभी राहिली, इतकंच. मला तेवढं पुरे आहे.

आम्ही परत आलो तेव्हा टोळीनं तिची माफी मागितली असं वाटत असेल तर विसरा. कोंड्याच्या पोरीचं नशीब, म्हणाले. साळूची शेवटची कॅप्सूल होती त्या संध्याकाळी आत्यानं तिला सगळ्यांच्या मधोमध बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि कॅप्सूल गिळायला लावली. मग रिकामं पाकीट घेऊन ती माझ्या बापापाशी गेली आणि त्याच्या हातात ठेवलं. “घे कोंडा. हा तुझा वाटा.”

बापानं ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. ते त्यानं टाकलं मात्र नाही. पुढच्या हंगामाला निघायच्या आधी आत्यानं सगळ्यांना जमवून सांगितलं: खेकडा वाटायचा, भाकर वाटायची, औषध ज्याचं त्याचं. ज्याला पटत नसेल त्यानं दुसरी टोळी बघावी. दोन घरं गेली. ती बिनदिक्कत म्हणाली, जाऊ देत.

आज साळू टोळी चालवते, तिला दोन पोरं आहेत आणि आवाज आईपेक्षा मोठा आहे. मी द्राक्षं निवडायच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागले. नाशिकला दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टर काही लिहायच्या आधीच मी सांगितलं, पेनिसिलिनच्या जातीतलं मला चालत नाही. त्यानं दुसरं लिहून दिलं.

दोन हजार सातला माझं लग्न झालं, वाल्मीकशी. पाठवणीच्या वेळी बाया रडत होत्या, बँडवाला घाई करत होता. बापानं नवरदेवाला बाजूला घेतलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चंदेरी पाकीट. सगळ्या खळग्या फुटलेल्या, चुरगळलेलं, पण नाव वाचता येत होतं. मला काय सोसत नाही ते मॅडमनं लिहून दिलेला कागद केव्हाच गळक्या छपरानं खाल्ला होता. इतकी वर्षं माझ्या दुखण्याखुपण्यात बाप प्रत्येक डॉक्टरपुढं हेच ठेवत आला होता. त्याला वाचता येत नव्हतं. आमच्या घरातलं कुणी ते कधी आत्याला बोललं नव्हतं.

“जावईबापू,” तो म्हणाला, “हे औषध आन् याच्या जातीतलं कुठलंबी माझ्या पोरीला कधी द्यायचं नाय. डॉक्टरला आधी हे दाखवायचं.”

भागीआत्या काठी टेकत मधे घुसली. तिनं पाकीट ओळखलं. पहिल्यांदाच मी तिला बोलताना अडखळलेलं पाहिलं. “कोंडा... मी तर तुला खिजवायला दिलं व्हतं रे ते. ठेवलंस व्हय आजून?”

माझा बाप म्हणाला, “तुझ्या हातचा वाटा, भागे. टाकीन कसा?”